बर्फवाल्या मामूंचा बावतीस

बाहेर सत्तेचाळीस डिग्री, आत उणे पंचवीस, आणि मधल्या दारात साध्या शर्टात उभे असलेले मामू. दुबईत जबल अलीच्या आमच्या कोल्ड स्टोअरमध्ये काम केलेला कुणीही हे दृश्य विसरणार नाही. नवा माणूस जाकीट, कानटोपी, दुहेरी हातमोजे असा जामानिमा करून आत जायचा आणि तरीही कुडकुडत बाहेर यायचा. मामू त्याला म्हणायचे, “ही थंडी नाही रे बाबा, हा नुसता गारवा. थंडी वाऱ्यात असते.”

त्यांना हे म्हणायचा हक्क होता. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा हा माणूस तरुणपणी अंटार्क्टिकावरच्या आपल्या संशोधन केंद्रात जनरेटर मेकॅनिक होता. एक अख्खा हिवाळा त्यांनी तिथे काढला होता. आमच्याकडे ते कॉम्प्रेसर सांभाळायचे, आणि मल्याळी फोरमनपासून पठाण ड्रायव्हरपर्यंत सगळे त्यांना बर्फवाले मामू म्हणायचे. मी डिस्पॅचच्या टेबलावर. माझं टेबल त्यांच्या दाराच्या अगदी समोर.

जेवणाच्या सुट्टीत ते बोलू लागले की फोर्कलिफ्टवाले डबे घेऊन माझ्या टेबलाशी जमायचे. “तिथला वारा वरून खाली येतो,” मामू सांगायचे. “मधल्या पठारावरची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून समुद्राकडे सुटते. आभाळात एक ढग नसतो, आणि उभा माणूस आडवा.” हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नसे, तेव्हा माणसं घड्याळ बघून एकमेकांना गुड मॉर्निंग करायची. तळ्यातून पाणी आणणारा पाइप गोठला तर सगळ्यांचं पाणी खलास, म्हणून पाइपाला सतत ऊब द्यायची. आणि जनरेटर बंद पडला तर? एकाने असं विचारलं, तेव्हा मामू जेवायचे थांबले. म्हणाले, “तर मी आत्ता इथे बसलो नसतो.”

एरवी मृदू बोलणारा हा माणूस एकाच गोष्टीवर भडकायचा. आत जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचा बिल्ला दाराबाहेरच्या फळीवर लटकवायचा, बाहेर आल्यावर काढायचा. हा नियम कंपनीचा नव्हता, मामूंचा होता. “किती गेले? किती आले?” दिवसभर त्यांचं हे चालू. एकदा एक ड्रायव्हर बिल्ला न लावता आत शिरू लागला आणि म्हणाला, “दोन मिनिटांचं काम आहे मामू, दहा पावलांवर तर पेटी आहे.” मामूंनी त्याची कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं. इतक्या मोठ्याने ओरडले की मॅनेजर केबिनमधून धावत आला. नंतर ते माझ्यासमोर येऊन बसले.

“तू वसईची ना, पोरी?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी गावाचं नाव विचारलं, मी सांगितलं. मग ते म्हणाले, “बावतीस तुमच्या शेजारच्या गावचा.”

बावतीस त्या केंद्रात स्वयंपाकी होता. सगळ्यात उबदार जागा दोनच, जनरेटरची खोली आणि स्वयंपाकघर, त्यामुळे दोघांची दोस्ती झाली. मामूंसाठी तो हलाल डबे वेगळे काढून ठेवायचा, मामू त्याच्या ओव्हनची तार नीट करून द्यायचे. उन्हाळ्याच्या शेवटी जहाज आलं. तिथे धक्का नसतो, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थराला जहाज टेकवतात आणि सामान चाकांऐवजी पट्टे असलेल्या गाड्यांवर चढवून आत नेतात. शेवटच्या फेरीला मामू गाडी चालवत होते, शेजारी बावतीस. किनाऱ्यापासून थोडं आत आले आणि हवा बिघडली. आभाळ पांढरं, जमीन पांढरी, मधली रेघ पुसलेली. वाट दाखवणारा पुढचा झेंडा दिसेना.

“मी म्हटलं, बावतीस, जरा उतरून बघ. तो दोर बांधायला लागला. मीच म्हटलं, यल्ला, चल, दहा पावलांवर तर असेल, कशाला दोर.” मामूंनी टेबलावर बोटाने मोजलं. “सात पावलं गेला. आठवं मला दिसलं नाही.”

वर बर्फाचा पातळ पापुद्रा असतो आणि खाली खोल भेग. दोन दिवस माणसं दोराने खाली उतरली. भेग खाली खाली अरुंद होत गेली होती. हाक मारली की त्यांचाच आवाज परत यायचा. तिसऱ्या दिवशी प्रमुखांनी थांबवलं. समुद्र गोठायला लागला होता, जहाजाला निघणं भाग होतं. मामूंना मात्र हिवाळ्याच्या तुकडीत राहायचं होतं. पुढचे नऊ-दहा महिने ते जनरेटर चालवत राहिले. स्वयंपाकघरात आळीपाळीने कुणीतरी भात लावायचं.

“तिथे एक नियम आहे,” ते म्हणाले. “आपला कचरा आपण परत आणायचा. डबे, बाटल्या, जाळलेल्याची राखसुद्धा. मी स्वतः पिंपं भरून जहाजावर चढवली. सगळं आणलं, पोरी.”

परतल्यावर ते वसईला बावतीसच्या आईकडे गेले. म्हातारीने त्यांना बसवलं, चहा दिला आणि एवढंच विचारलं, “त्याला कधी आणशील?” मामू म्हणाले, “आणीन.” मग त्यांनी अर्ज केले, साहेबांच्या केबिनबाहेर बसले. सगळीकडे तेच उत्तर, शक्य नाही. कंटाळून त्यांनी नोकरी सोडली आणि दुबईचा रस्ता धरला. पण केंद्रातल्या एका शास्त्रज्ञाने त्यांना सांगितलं होतं की तो बर्फाचा थर जागेवर नसतो, दरवर्षी थोडा थोडा समुद्राकडे सरकतो. मामूंनी तेच धरून ठेवलं, म्हणजे बावतीसही एक दिवस काठाशी येणार. खिशातल्या डायरीत त्यांनी किनाऱ्याचा नकाशा काढला होता, त्यावर दरवर्षी एक टिंब पुढे.

त्या दिवसापासून दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की ते माझ्या टेबलाशी यायचे. त्यांच्या जुन्या फोनवर भारतात कॉल लावायचं ॲप चालत नसे, म्हणून माझ्या फोनवरून वसईला कॉल लागायचा. म्हातारीला ऐकू कमी येई, स्पीकर लावावा लागे.

“निघाला का रे?”

“निघालाय, आय. हळूहळू येतोय.”

“स्वेटर आहे ना अंगावर?”

“आहे, आय.”

आधी मला हे ऐकवत नसे. पुढे सवय झाली. माझी मुलगी एकदा ऑफिसात आली होती, ती म्हणाली, “ममा, व्हू इज कमिंग?” मी म्हटलं, मामूंचा दोस्त.

गेल्या थंडीत कुणीतरी खबर आणली की दक्षिणेकडे जाणारं एक बर्फात चालणारं जहाज तेल भरायला फुजैरा बंदरात थांबलंय. मामूंनी पंधरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून रजा मागितली. मीच त्यांना गाडीने घेऊन गेले. डोंगर ओलांडेपर्यंत ते बोलत होते. त्या खलाशांना जागा दाखवायची, थर काठाशी आला की लक्ष ठेवा म्हणायचं. जहाज दूर नांगरलेलं, तिथे जायला परवानगी नव्हती. पण एजंटच्या ऑफिसात जहाजावरचा एक अधिकारी कागदांसाठी आला होता, लखनौकडचा, सभ्य मुलगा. मामूंनी डायरी त्याच्यासमोर उघडली. त्याने आकडे बघितले, लॅपटॉपवर उपग्रहाने वरून काढलेला फोटो आणला आणि तो मोठा करकरून पाहिला.

“अंकल, ये हिस्सा तो टूट गया,” तो शेवटी म्हणाला. “दो साल हो गए.”

“टूट के किधर गया?”

“बह गया. बहते बहते पिघल जाता है. अब कुछ नहीं है वहाँ.”

मामूंनी त्याचे आभार मानले. डायरी बंद करून रबर लावलं. परतीच्या वाटेवर मसाफीला मी चहासाठी गाडी थांबवली, ते उतरले नाहीत. खूप वेळाने म्हणाले, “दोन वर्षं मी तिला खोटं सांगितलं.” मी म्हटलं, “तुम्हाला माहीत नव्हतं, मामू.” त्यांनी काचेबाहेर बघितलं. “विचारलं नव्हतं मी,” ते म्हणाले. “फोटो तेव्हाही असणार.”

त्या शुक्रवारी त्यांनी सांगून टाकलं. “आय, तो नाही येणार. बर्फ फुटला. तो समुद्रात गेला.” पलीकडून म्हातारीचं रडणं. सुनेने फोन घेतला आणि ठेवला. पुढच्या शुक्रवारी मामूंनी पुन्हा फोन लावला, माफी मागायला. म्हातारी विसरली होती. नव्वदी ओलांडलेली बाई. “निघाला का रे?” तिने विचारलं.

मी मामूंकडे बघितलं. मनात म्हटलं, हो म्हणा. त्यांनी ओठ दाबले आणि पुन्हा सगळं सांगितलं. ती पुन्हा रडली, तितकीच. तिसऱ्या शुक्रवारीही तेच. मी चिडले. “कशाला छळता तिला? काय जातं हो म्हणायला?” मामू म्हणाले, “एकदा खोटं बोलून मी त्याला उतरवलं, पोरी. झेंडा दहा पावलांवर आहे म्हणून. मला काय माहीत होतं, झेंडा कुठे आहे?”

चौथ्या शुक्रवारी ते टेबलाशी आले, उभे राहिले आणि फोन न लावताच कामावर गेले.

त्यानंतर ते झपाट्याने खचले. मेडिकलमध्ये हृदयाचं दुखणं निघालं, व्हिसा पुढे वाढला नाही. निघायच्या दिवशी मी त्यांना एअरपोर्टवर सोडलं. सामानात एकच बॅग. पुतण्या न्यायला येणार होता, लग्न त्यांनी केलंच नव्हतं. “वसईला जाईन म्हणतो, इन्शाल्ला,” ते म्हणाले. “तोंडाने सांगून तिला समजत नाही. समोर बसलो तर समजेल.” ते गेले नाहीत. गावी पोचल्यावर तीन आठवड्यांनी मामू वारल्याचा पुतण्याचा मेसेज आला, दोन ओळींचा.

बिल्ल्यांची फळी नव्या मॅनेजरने काढून टाकली. फळीच्या जागी आता कार्ड लावायचं यंत्र आहे, आत किती आहेत ते कुणी मोजत नाही.

एका शुक्रवारी दुपारी माझा फोन वाजला. नंबर वसईचा. समोर ट्रक लागलेला, ड्रायव्हर कागदांसाठी ताटकळत होता. मला उत्तर सुचलं नाही, खरंही नाही आणि खोटंही नाही. वाजून वाजून तो थांबला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा वाजला, तेव्हा ट्रक नव्हता, मी नुसती बसले होते. तरी घेतला नाही.

त्यानंतर तो नंबर आलेला नाही.