दार असलेल्याचा न्याय

उलटेआबांसमोर ठाम काही बोलायची निमोण्यात कुणाची छाती नव्हती. तुम्ही बोललात, की ते तंबाखू मळत म्हणायचे, "व्हय, पर उलटून बघितलंस का?" म्हणजे त्याच्या जागी तू, तुझ्या जागी तो. यावरून गावानं त्यांना हे नाव पाडलं. मला तर त्यांनी चारचौघांत कितीदा गप्प केलं! राग यायचा. घरी येऊन विचार केला की पटायचं, त्याचा जास्त राग यायचा.

ते स्वतःलाही सोडत नसत. बांधावरची बाभळ तोडली म्हणून एकदा शेजाऱ्याशी कडाकडा भांडून आले आणि चहा निवायच्या आत माफी मागायला परत गेले. "गेल्या साली म्या बी त्याची तोडलीच की," म्हणाले.

एका हंगामात माझ्या उसात तोड चालू असताना बिबट्याची तीन पिल्लं सापडली. आठवड्यापूर्वीच आबांची कालवड बिबट्यानं नेली होती. माणसं काठ्या घेऊन जमली. खोटं कशाला सांगू, एक काठी माझ्याही हातात होती. आबा पिल्लांपुढं उभे राहिले.

"कालवड माझी गेलीय. मादीनं ती भुकंपायी नेली, तुमी रागापायी मारणार. उलटून बघा की! वनखात्याची माणसं निघाल्यात. पिल्लं हितंच ठिवायची, सांजच्याला आई घिऊन जाईल."

काठ्या खाली आल्या. तेवढ्यात ऊसतोडीला आलेली मंगल कडेवरच्या तान्ह्या पोरासकट पुढं झाली. 

"आबा, तुमच्या घराला दार हाय. माझ्या कोपीला नुसता पाचटाचा आडोसा. सांजच्याला ती हितं येणार, आन् माझं पोर बी हितंच निजणार. आता तुमी उलटून बघा."

 माझी मूठ काठीवर पुन्हा आवळली. आबांच्या तळहातावरची तंबाखू तशीच राहिली. ते म्हणाले, "चुकलो, पोरी. पिल्लांचं म्हनतो ते बराबरच हाय, पर म्या निम्मंच बघितलं. दार हाय म्हणून सोपं वाटलं."

ऊन उतरायच्या आत सगळ्या कोप्या रिकाम्या झाल्या आणि ऊसतोड्यांची टोळी बाडबिस्तऱ्यासह आबांच्या घरात आली. वनखात्याच्या माणसांनी पिल्लं क्रेटमध्ये घालून जागेवर ठेवली. सकाळी क्रेट रिकामं होतं. पुढं दर हंगामात टोळी आबांच्याच घरी उतरू लागली.

गेल्या वर्षी आबा गेले, घराला कुलूप लागलं. यंदा कोप्या माझ्या बांधावर उभ्या राहिल्या. पहिल्याच संध्याकाळी मी दाराला कडी लावायला गेलो आणि हात तिथंच थांबला. आबांचा फार राग आला. मग चपला घातल्या आणि कोप्यांकडे निघालो.