टायमिंगच्या वेळचा चहा

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा कळलंय. मागून कितीही भुंकलं तरी हा माणूस वळून बघत नाही, म्हणून त्यांनी ह्यांच्यावर भुंकणंच सोडलं. मी वरून ओरडून दूध आणायला सांगते, हे खालून मान डोलावतात आणि हात हलवत परत येतात. लेकीनं दोनदा कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. दोन्ही वेळा ह्यांच्याकडे नेमकी गाडी आली.

आणि वर तोंड करून विचारायचं काय, तर, "कान गेले असते तर टायमिंग बसलं असतं का गं? एक तरी गाडी परत आली का?"

आणि खरंच येत नव्हती.

घराखालच्या शेडमध्ये हे जुन्या गाड्या दुरुस्त करतात. नव्या गाड्यांत ठिणगी कधी पडायची ते कॉम्प्युटर ठरवतो, जुन्यांत माणसाला ठरवावं लागतं; तेच टायमिंग. इंजिन चालू ठेवायचं, ठिणगी वाटणाऱ्या डब्याचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा, बोल्ट सैल करायचा आणि तो केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत ऐकत राहायचं. ठिणगी लवकर पडली तर इंजिन टकटक नॉक मारतं, उशिरा पडली तर गाडी चढावर धापा टाकते. ह्यांच्या कानासाठी लोक कुठून कुठून येतात. लेकीनं हौसेनं डोळ्यांनी बघून टायमिंग लावायचा टायमिंग लाइट आणून दिला, तर तो खिळ्याला टांगला. म्हणे, "ज्याला कान नाहीत त्यानं दिवा लावावा." तो कान गेला तर ह्यांच्याकडे उरतं काय, हे मलाही माहीत होतं. म्हणून मीही फार ताणत नव्हते.

पण तो चहा! टायमिंगला हात घातला की खालून आरोळी, "अगं, चहा आण!" मग माझे हात साबणाचे असोत नाहीतर पिठाचे. जिना उतरून कप ठेवून निघाले, की लगेच, "थांब ना जरा, कप घेऊनच जा." म्हणजे मी तिथं धुरात उभी, नाकाला पदर लावून. बरं, पितात म्हणावं, तर तेही नाही. चहा गार होतो, साय धरतो, मीच नेऊन मोरीत ओतते. पूर्वी कामात असताना ह्यांना जेवणाची शुद्ध नसायची, आणि आता हे थेर. म्हातारपणी लाडावलेत, म्हटलं.

मागच्या आठवड्यात धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून चार दिवस तिच्याकडे गेले. परत येते तो शेडसमोर लॉन्ड्रीवाला कमरेवर हात ठेवून उभा.

"वहिनी, आता तुम्हीच बघा! इस्पितळाच्या चढावर गाडी अशी खडखडते, की चादरींच्या घड्या मोडतात. मिस्त्रींनी दोनदा टायमिंग लावून दिलं, दोन्ही वेळा तेच. आज नाही जमलं तर मी बापडा दुसरीकडे जातो."

हे म्हणाले, पेट्रोलमध्ये भेसळ आहे. मग म्हणाले, प्लग हलके आहेत. मग म्हणाले, चढच वाईट आहे. नाचता येईना अंगण वाकडं! मी अजून हातातली पिशवी खाली ठेवली नव्हती. तेवढ्यात ह्यांनी मला पाहिलं आणि चेहरा असा उजळला, की मला वाटलं, चला, आठवण तरी काढली.

"आलीस? बरं झालं. चहा आण."

प्रवासातून आलेल्या बायकोला पाणी विचारायची पद्धत असते, पण ती माणसांत. रागारागानं वर गेले, चहा टाकला, खाली आणला. इंजिन चालू होतं आणि टकटक इतकी ढळढळीत होती, की मी तोंड वाकडं केलं. ह्यांनी डिस्ट्रिब्युटर फिरवला. टकटक वाढली, माझे दात आंबले. ह्यांनी लगेच उलटा फिरवला. तेव्हा माझं लक्ष गेलं. हात इंजिनात होता, पण हे इंजिनाकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. इतकी वर्षं मोरीत ओतलेला सगळा चहा आठवला. कप बाकावर आदळला आणि सरळ पाठ फिरवून उभी राहिले.

"लावा आता टायमिंग!"

मागं इंजिन आधी टकटकलं, मग दमलं, मग पुन्हा टकटकलं, मग बंद पडता पडता राहिलं. लॉन्ड्रीवाला म्हणाला, "मिस्त्री, मघाशी बरं होतं की." मग ह्यांनी इंजिनच बंद केलं. एरवी हे बोलतात ते गल्लीच्या टोकापर्यंत जातं. आता मला जेमतेम ऐकू आलं.

"पाठ नको फिरवूस. मला नाही गं येत ऐकू."

लॉन्ड्रीवाला बिचारा उगाच आपल्या टायरांची हवा बघायला लागला.

मी वळले. डोळ्यांत पाणी होतं आणि डोकं अजून तापलेलंच होतं. "मग सांगायला काय झालं होतं? मला कप घेऊन धुरात उभं करायचं, पण तोंडानं सांगायचं नाही?"

ह्यांनी माझ्या ओठांकडे बघून उत्तर दिलं. "सांगितलं असतं तर तू सांभाळून घेतलं असतंस. तोंड गोड ठेवलं असतंस. तुझा वैताग खरा असतो, त्याच्यावरच तर टायमिंग लागतं. कपाळावरची आठी गेली, की समजतो, बसलं."

आता ह्यावर माणसानं भांडायचं तरी कसं?

"सोमवारी कानाचा डॉक्टर," मी बोट दाखवून म्हटलं. "गाडी आली तरी."

"बरं," म्हणाले. एवढ्या संसारात एका शब्दात ऐकलं असं कधी झालं नव्हतं.

"करा चालू."

इंजिन चालू झालं. मी समोर उभी राहिले आणि नीट ऐकून, जेवढं वाकडं करता येईल तेवढं तोंड वाकडं केलं. ह्यांनी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, मग अजून केसभर. टकटक गेली. ह्यांनी माझ्या कपाळाकडे पाहून बोल्ट आवळला, हात पुसले, आणि बाकावरचा गार चहा सायीसकट पिऊन टाकला.