चाळणीवरचे काका

तेलविहिरीवर चिखलाशिवाय पान हलत नाही. पाइपातून खाली सोडलेला दाट चिखल खडकाचा चुरा घेऊन वर येतो आणि थरथरत्या चाळणीवर पडतो. चुरा बाजूला, चिखल परत टाकीत. या चाळणीपाशी काका सत्तावीस वर्षं उभे होते. तिच्या धडधडाटाने कानांचं वाटोळं कधी केलं, त्यांनाही कळलं नाही. कळल्यावर मात्र त्यांनी ते पोटात ठेवलं. तिथे सगळेच हातवाऱ्यांनी बोलतात, त्यामुळे झाकलंही गेलं. बहिऱ्याला विहिरीवर कोण ठेवणार? आणि चाळणी सोडून हा गृहस्थ घरी करणार तरी काय, कपाळ!

कठड्यावर पंजा टेकला की त्यांना चाळणीची तब्येत कळे. त्या सकाळी थरथर नेहमीचीच होती, पण चुरा कमी पडत होता. काकांनी लगेच हेरलं, जाळी फाटलीय. बारीक रेती थेट टाकीत चालली होती, म्हणजे दुपारपर्यंत पंपाचे तीनतेरा. त्यांनी चिखल शेजारच्या चाळणीवर वळवला आणि वाकून जाळी बदलायला घेतली.

तेवढ्यात गॅसचा भोंगा झाला. सगळे पळाले. बाहेर मोजणी झाली, तर एक माणूस कमी. चिखलाचं काम बघणारी इंजिनियर, काकांच्या मुलीच्या वयाची, तोंडाला मास्क चढवून परत आत धावली आणि त्यांना दंडाला धरून ओढतच घेऊन आली. गॅस थोडाच होता, विरून गेला. तिचे थरथरणारे हात मात्र अर्धा तास थांबेनात.

रिपोर्टात तिने लिहिलं की काका कामात गुंग होते. जाळी वेळेवर बदलली म्हणून मोठ्या साहेबांनी पाठही थोपटली. म्हणजे काका सुटलेच होते. पण तिचे ते हात डोळ्यांसमोरून हलेनात, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. ते तिच्या टेबलापाशी गेले.

"ते गुंग वगैरे खोड," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

तिने ती ओळ खोडली.

घरी फोन काकांनीच लावला. बायकोला सगळं सांगून टाकलं. एरवी ते रोज नुसतं "हं, हं" करत. आज तिचं उत्तर ऐकायला त्यांनी फोन इंजिनियरच्या हातात दिला. तिने ऐकून घेतलं आणि त्यांच्याकडे तोंड करून एकेक शब्द सुटा उच्चारला.

"काकू म्हणतात, मला केव्हाच कळलं होतं. मी रोज विचारायचे, आता कायमचे घरी कधी येताय? तर तुम्ही म्हणायचात, हं."