नंबर गेलेला रस्ता

सरकारी ऑफिसात फायली साठतात असा लोकांचा समज आहे. साफ चूक! फायली कधी ना कधी रद्दीत जातात. साठतात ते किस्से. समोरच्या टपरीवर कुणी एक काढला की दुसरा म्हणतो, "हे काहीच नाही, आमच्या वेळचं ऐक," आणि चहाचा दुसरा राऊंड सांगावा लागतो. आमच्या रस्त्यांच्या ऑफिसात तर जरा जास्तच. कारण रस्ता बिचारा एका जागी पडून असतो, पण त्याचा नंबर काही एका जागी राहत नाही. आज राज्यमार्ग, उद्या राष्ट्रीय महामार्ग, परवा जिल्हा मार्ग, आणि तेरवा कुणाचाच नाही!

मी मूळचा संगमनेरचा. नोकरीनं उचलून शेवगावकडं टाकलं, शाखा अभियंता म्हणून. ज्या रस्त्याचे हे किस्से आहेत त्याचा खरा नंबर मी सांगणार नाही. सांगितला की कुणीतरी माहितीचा अधिकार टाकणार आणि उत्तर लिहायला मलाच बसवणार. आपण त्याला नुसतं 'जुना नंबर' म्हणू. आम्हीही तेच म्हणायचो.

*

रुजू झालो त्याच आठवड्यात साहेबांनी, म्हणजे आमच्या उपअभियंत्यांनी, मला जुन्या नंबरची पाहणी करायला पाठवलं. हातात ऑफिसचा नकाशा, त्यावर ठसठशीत लाल रेघ. मी मोटरसायकल काढली आणि रेघेबरहुकूम निघालो. डांबर संपलं, मुरूम लागला. मुरूम संपला, बांध लागला. बांधावर एक बाबा तंबाखू मळत बसले होते.

"बाबा, राज्यमार्ग कुठं लागेल?"

"लागंल कशाला? त्याच्यावरच हुबं हाय की तुमी!"

खाली बघितलं तर माझा बूट कांद्याच्या वाफ्यात. रस्ता कधीतरी पलीकडून वळवला होता, नकाशा वळवायचं राहून गेलं होतं. एवढीच गंमत.

"जरा कडंकडंनं चाला," बाबा म्हणाले, "राज्यमार्गावर परवाच लागण केलीय."

परत येऊन साहेबांपुढं उभा राहिलो. साहेब फाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "खड्डे किती आहेत?"

म्हटलं, "सर, खड्डे नाहीत. वाफे आहेत."

त्यांनी 'रस्ता समाधानकारक' असा शेरा मारून टाकला!

*

किलोमीटरच्या दगडाचा वरचा गोल भाग असतो ना, त्याला आम्ही टोपी म्हणतो. राष्ट्रीय महामार्गाची टोपी पिवळी, राज्यमार्गाची हिरवी, गावरस्त्याची शेंदरी. या टोप्या रंगवायचं काम रशीदभाईंकडं. भिंगारचा माणूस, हात असा की छापल्यासारखी अक्षरं यायची. तोंड मात्र हातापेक्षा जोरात चालायचं.

एका वर्षी वरून निरोप आला, जुना नंबर आता राष्ट्रीय महामार्ग होणार. झालं! रशीदभाईंनी हिरव्याच्या पिवळ्या टोप्या केल्या. पुढच्या वर्षी निरोप आला, हा नव्हे, शेजारचा. पिवळ्याच्या परत हिरव्या. मग म्हणे, फेरविचार चालू आहे. परत पिवळ्या! जुना रंग खरवडून काढायचा असतो, पण रशीदभाई काढतील तर शपथ. थरावर थर चढून दगड असे गुबगुबीत झाले की टोपीचं हेल्मेट झालं.

मी चिडलो. "अहो रशीदभाई, खरवडत का नाही?"

"साहब, खालचा रंग ठेवलेला बरा. परत लागला तर वरचाच तेवढा काढायचा!"

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा मी हबकलोच. म्हटलं आता प्रत्येक दगडावरची अक्षरं नव्यानं काढायची, आणि नवीन नाव त्या चिंचोळ्या दगडावर मावायचं कसं? रशीदभाई ब्रश धुऊन निवांत बसले होते.

"मैंने तो पहिल्यापासून 'अ.नगर' लिहिलंय. जुन्यालाही चालतं, नव्यालाही. फिकीर कशाची?"

उभ्या खात्यात ज्याचं काम आधीच झालेलं होतं असा हा एकच माणूस.

*

फाट्यावर पोपटरावांचं हॉटेल. त्यांनी हौसेनं पाटीवर रस्त्याचा नंबर टाकला होता. 'हॉटेल राज्यमार्ग' आणि पुढं आकडा. नंबर बदलला की पोपटराव पाटी घेऊन ऑफिसात हजर. "साहेब, आता काय लिहू?"

दोनदा बदलली. तिसऱ्यांदा आले ते पाटी टेबलावर आपटूनच. "साहेब, माझं एवढं वय झालं, मी एकदा तरी नाव बदललं का? रस्त्याला काय धाड भरलीय?"

शेवटी पोपटरावांनीच तोडगा काढला. आजही त्या फाट्यावर झळझळीत पाटी आहे, 'हॉटेल जुना नंबर'. आणि खाली बारीक अक्षरात, 'आमची कोठेही शाखा नाही'. पुढं पुढं ट्रकवाले त्या फाट्यालाच जुना नंबर म्हणायला लागले. हॉटेलमुळं नंबर टिकला म्हणायचा!

*

आता खरं दुखणं. जुना नंबर पूर्वी निंबेवाडी नावाच्या गावातून वळसा घालून जायचा. रस्ता सरळ करायचं ठरलं, बाहेरून नवा तुकडा झाला, आणि नंबर गेला त्या नव्या तुकड्यावर. गावातला वळसा तसाच पडून राहिला. आमचं खातं म्हणालं, आता तो दुसऱ्या खात्याकडं. दुसरं खातं म्हणालं, आमच्याकडं आलेलाच नाही. झालं की नाही पोरकं पोर?

रशीदभाई त्या वळशावरचे दगड बघायला गेले आणि हसतच आले. गावकऱ्यांनी एका दगडाला शेंदूर फासून ठेवला होता.

"साहब, शेंदरी टोपी! म्हणजे गावरस्ता! लोकांनी स्वतःच दर्जा उतरवून घेतला!"

आम्ही पोट धरून हसलो. पण दुसऱ्या दिवशी निंबेवाडीच्या सरपंच शालनताई ऑफिसात आल्या आणि आमचं हसू तिथंच बंद झालं. वळशावर खड्डे एवढे पडले होते की एसटीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि गाडी गावात यायची बंद झाली. शेवगावला कॉलेजात जाणाऱ्या पोरी घरी बसायला लागल्या.

"माझी नात आकरावीला हाय," शालनताई म्हणाल्या. "तिचा बाप म्हनतो, दिवाळीपत्तर गाडी सुरू झाली तर ठीक, न्हाई तर नाव काढतो. पोरगी दोन दिस जेवली न्हाई, साहेब."

साहेब वाईट माणूस नव्हते, पण भित्रे भयंकर. म्हणाले, "ताई, कळतंय मला. पण तो रस्ता आमचा नाही."

"मंग कुनाचा?"

"ते त्या खात्याला विचारा."

"त्यांनी तुमाला विचाराया सांगितलंय. दोघं मिळून एकदा ठरवा बापा, बाप कोन ते! लेकरू आमच्या दारात लोळतंय!"

साहेबांनी पाणी मागवलं. ताईंसाठी नव्हे, स्वतःसाठी. मला त्या पोरीचं फार वाईट वाटत राहिलं. संगमनेरला माझी बहीण अशाच एका गाडीनं कॉलेजला जायची.

*

महिन्याभरात फाट्यावर, वळसा सुटतो तिथंच, एक बोर्ड उगवला. बाण निंबेवाडीकडं, आणि वर 'राज्यमार्ग', पुढं जुना नंबर! ट्रकवाले आत वळायला लागले, खड्ड्यात आदळून मागं फिरायला लागले आणि आमच्या खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागले.

साहेब लालबुंद. "काढा तो बोर्ड! आत्ताच्या आत्ता!"

मी म्हटलं, "सर, बोर्ड वळशाच्या हद्दीत आहे. आणि वळसा आपला नाही असं आपणच लिहून दिलंय. दुसऱ्याच्या हद्दीतला बोर्ड काढायचा कसा?"

साहेब खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "अक्षर कुणाचं आहे पण? हा 'र' मी कुठंतरी पाहिलाय."

सगळ्यांनी रशीदभाईंकडं बघितलं. रशीदभाईंनी कानाला हात लावला. "आमच्या भिंगारात सगळेच असा 'र' काढतात, साहब!"

बोर्ड तिथंच राहिला.

*

आणि आता रोलर.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. फावडी, टिकाव, घमेली, डांबराचा बॉयलर, सगळ्यांना हळदकुंकू. पण खरा मान रोलरचा. त्याला झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा आणि थोडा पुढंमागं चालवून आणायचा, अशी रीत. त्या वर्षी रोलर फाट्याजवळच्या कॅम्पवर होता. पूजेच्या आदल्या दिवशी शालनताई आल्या. या खेपेला चेहरा हसरा.

"साहेब, रोलर आमच्या देवीच्या दारात आना की. बाया ओवाळतील. पुरनपोळीचा निवद हाय."

साहेब देवभोळे, आणि पुरणपोळी म्हटलं की विरघळायचे. "पूजेला कसली आलीय हरकत?" म्हणाले.

रोलर ड्रायव्हर नामदेव. बोलणं कमी, खाणं बेताबाहेर. त्यानं रोलर काढला. पुढं हलगी, मागं पोरी, मधे झेंडूनं मढलेला रोलर धडधडत निघालाय, आणि मागून साहेबांची जीप. खड्ड्यांपुढं जीप हरली, साहेब उतरून चालायला लागले. त्या वळशावरून ते पहिल्यांदाच पायी चालत होते. देवळापुढं ओवाळणी झाली, आरती झाली, पंगत उठली. साहेबांनी पोळ्या किती हाणल्या ते विचारू नका.

निघताना नामदेव रोलरवर बसला. सेल्फ मारला. आवाज नाही. परत मारला. शांतता.

"काय झालं रे?"

"कळंना साहेब. रुसलाय जनू."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वर्कशॉपला फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून सगळ्या ऑफिसनं ऐकला.

"रोलर बंद पडलाय. मिस्त्री पाठवा."

"कोणत्या रस्त्यावर? नंबर सांगा."

"निंबेवाडी. गावातला वळसा."

"थांबा, बघतो... साहेब, असा रस्ता आपल्याकडं नाहीये."

"रस्ता नाही, पण रोलर आहे ना!"

"तेच विचारतोय. नसलेल्या रस्त्यावर आपला रोलर गेलाच कसा? लेखी कळवा."

साहेबांनी फोन ठेवला तेव्हा चेहरा चुन्यासारखा पांढरा. रस्ता आपला नाही म्हणावं, तर सरकारी यंत्र परक्या जागेत नेलं म्हणून चौकशी. आणि रस्ता आपला म्हणावं, तर काहीच झालं नाही! रोलर आपल्याच रस्त्यावर उभा! साहेबांनी निंबेवाडीची फाईल पुढं ओढली. मग मला म्हणाले, "निंबेवाडीचा रस्ता पहिल्यापासून आपलाच आहे, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?"

म्हटलं, "सर, मलाही तसंच वाटतं."

मग साहेबांना जो जोर चढला म्हणता! जो माणूस कधी तालुका ओलांडायचा नाही, तो नगरला हेलपाटे घालायला लागला. देवस्थान आहे, दूध संकलन आहे, मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, असं वरच्या साहेबांना हात जोडून सांगायला लागला. शालनताईंच्या अर्जातले शब्द, जसेच्या तसे! इकडं नामदेव यंत्र सोडून हलायचं नाही म्हणून निंबेवाडीतच. रोज एका घरी जेवण. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं पठ्ठ्यानं.

दिवाळीच्या तोंडावर हुकूम आला. वळसा आमच्याकडं, प्रमुख जिल्हा मार्ग म्हणून, नव्या कोऱ्या नंबरानं! खडी पडली, डांबराचा बॉयलर आला, आणि आम्ही वर्कशॉपचा मिस्त्री घेऊन गावात पोचलो. सगळं गाव देवळापुढं. शालनताईंची नात कॉलेजची बॅग पाठीला लावूनच उभी. सुट्टी लागली होती तरी!

ताईंनी सगळ्यांना चहा दिला. साहेबांच्या हातात कप देताना विचारलं, "साहेब, नंबर पक्का झाला ना? सही-शिक्का?"

"पक्का, ताई. सही-शिक्का सगळं."

"परत जानार न्हाई ना?"

"नाही हो ताई. मी आहे ना."

ताईंनी मान वळवली. "नामदेवा, बस रं बाबा."

नामदेव रोलरवर चढला. सेल्फला हात लावला आणि धड धड धड धड, पहिल्या झटक्यात! वाळलेल्या माळांमधला झेंडू सगळा खाली सांडला. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

साहेब मिस्त्रीकडं वळले. "अरे, काय बिघडलं होतं?"

मिस्त्री गोंधळलेला. "साहेब, मी तर अजून पेटीपण उघडली नाही."

साहेबांनी नामदेवकडं बघितलं. नामदेव पुढच्या खडीकडं बघत होता. मग साहेबांनी शालनताईंकडं बघितलं.

ताई म्हणाल्या, "चहा घ्या साहेब, थंड हुतोय. आन् त्या एसटीवाल्यांना सांगून ठिवा, गाडी सकाळचीच पायजे. पोरींचं कालेज सकाळचं असतंय."