पाण्यात उभे राहिलेले अकरा खुंट

पोलिसाला सुपारी म्हटलं की भलतंच आठवतं. मला मात्र खाडीच्या चिखलातून निघालेल्या अकरा सुपाऱ्या आठवतात. पंचांसमक्ष कागदावर मांडून त्या मोजताना माझा चेहरा कसा झाला होता, याची नक्कल आमचा हवालदार पुढे कित्येक महिने करून दाखवत असे. माझ्या मागे, अर्थात.

मी घाटावरचा. मालवणकडच्या एका ठाण्याचा प्रभारी म्हणून आलो तेव्हा इथली बोली कळायलाच सहा महिने गेले. त्याच सुमारास जिल्ह्यात एक नवं प्राधिकरण आलं होतं. खाडीकिनारे, कांदळवनं, कातळाचे सडे, देवराया हे सगळं एका नजरेखाली आणायचं, त्यांच्या हद्दी आखायच्या आणि त्या राखायच्या, हे त्यांचं काम. माझं तेव्हाचं मत लपवत नाही. आणखी एक पाटी, आणखी एक जीप, आणि आमच्याकडे बंदोबस्त मागणारं आणखी एक पत्र, एवढीच माझी समजूत होती.

एका सोमवारी प्राधिकरणाच्या अधिकारी बाई तक्रार अर्ज घेऊन आल्या. वयाने तरुण, उन्हाने रापलेल्या, बोलायला सरळ. देवबागच्या आतल्या अंगाला खाडीकाठी मच्छीमारांची एक वाडी आहे. तिथे संरक्षित पट्ट्याच्या हद्दीवर त्यांनी लाल लाकडी खुंट मारले होते. आठवड्याभरात सुनावणी, आणि मग त्याच जागी सिमेंटचे पक्के खांब बसणार. त्यातले अकरा खुंट कोणीतरी हलवले होते.

"कुठे हलवले?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही, साहेब. आत नाही, बाहेर. खाडीच्या बाजूला. आमचा पट्टा उलट वाढलाय."

बांधाचे तंटे मी ढिगाने पाहिले होते. बांध कोरणारा नेहमी स्वतःकडे कोरतो. जमीन सरकारच्या पदरात टाकून जाणारा चोर मी पहिल्यांदाच ऐकत होतो. प्रकार अदखलपात्र होता. स्टेशन डायरीला नोंद घेतली, अर्ज चौकशीवर ठेवला आणि बीट हवालदाराला घेऊन दुपारी जागेवर गेलो.

खाडी तुडुंब भरलेली. अकराही खुंट पाण्यात गळ्यापर्यंत उभे आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. पाण्याला हद्द कोण घालतं? कोणा रिकामटेकड्याची मस्करी असणार, असं म्हणून मी परत फिरलो. इथे मी चुकलो, पण ते पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. वाडीला लागून माडांची बाग असलेले एक गृहस्थ बोलत होते. "साहेब, खुंटांचं काम वाडीवरच्या बायकांचं आहे. दोघीतिघींना ठाण्यात आणा, आपोआप ओकतील. आणि खुंट आधी होते तिथे परत मारून घ्या." खबर फुकट मिळाली की मी आधी खबऱ्याचा फायदा शोधतो. चौकशी केली तर गृहस्थांना बागेपुढे भराव घालून पर्यटकांच्या बोटींसाठी धक्का आणि गाड्या लावायला जागा करायची होती. जुन्या खुंटांप्रमाणे ती जागा पट्ट्याबाहेर पडत होती. हलवलेल्या खुंटांप्रमाणे आत.

मी पुन्हा जायला निघालो तेव्हा हवालदाराने घड्याळ बघितलं. तो इथलाच. "सायब, आता जावन काय गावाचा नाय. सुकतीच्या टायमाक जावया," म्हणाला. सुकती म्हणजे ओहोटी. त्याचं ऐकलं, आणि बरं झालं.

काल जिथे पाणी होतं तिथे आज पार लांबपर्यंत चिखलाचं मैदान पसरलं होतं, आणि त्यात वीसेक बायका ओणव्या होऊन मुळे काढत होत्या. मुळे म्हणजे चिखलात राहणारे शिंपले. याच मुळ्यांच्या वाट्यांवर, बाजारात ते असे छोटे ढीग लावूनच विकतात, वाडीतल्या निम्म्या चुली चालतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खुंट बरोब्बर त्या चिखलाला वळसा घालून मारलेले होते.

हवालदाराने पंचांसमोर पहिला खुंट उपटला. खड्ड्यात हात घातला आणि बाहेर काढला तो विड्याच्या पानांचा लगदा आणि एक सुपारी. दुसऱ्या खुंटाखाली तेच. अकराही खुंटांखाली तेच.

"सायब," तो हळूच म्हणाला, "माणूस गावलो."

इथल्या लोकांचं म्हणणं, प्रत्येक जमिनीला एक राखणदार असतो. माणसाच्या डोळ्यांना न दिसणारा, पण तिथला खरा धनी. त्याला विचारल्याशिवाय नवा खुंट ठोकायचा नाही. आधी विडा ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे काय करतोय आणि कशासाठी, ते सगळ्यांच्या वतीने त्याला मोठ्याने सांगायचं. त्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान एकाच माणसाचा होता. आयुष्यभर होडीवर तांडेलकी, म्हणजे होडीचं म्होरकेपण, केलेला, सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा. मी कपाळाला हात लावला. सरकारी खुंट हलवायचे, आणि वर राखणदाराला तशी रीतसर वर्दीही द्यायची!

तांडेलाला ठाण्यात बोलावलं. धुतलेला सदरा घालून आला, खुर्चीच्या कडेवर बसला. चहा दिला.

"खुंट कोणी हलवले?"

"मला काही माहिती नाही, साहेब."

"कोणाला हलवताना पाहिलंत?"

"नाही, साहेब. मी आपला घरीच असतो."

अर्धा तास हेच. माझा एक अनुभव सांगतो. इथला माणूस ठाण्यात शिरला की पुस्तकी मराठी बोलू लागतो, आणि तसं बोलतोय तोवर त्याच्याकडून काही निघत नाही. तो आपल्या बोलीत आला की समजावं, आता खरं येतंय. मी अकरा सुपाऱ्यांचा कागद टेबलावर उलगडला आणि प्रश्न बदलला.

"बरं, खुंटांचं राहू दे. गाऱ्हाणं कोणी घातलं?"

म्हाताऱ्याने चहाचा कप बाजूला सारला. पोलिसाशी खोटं बोलता येतं. राखणदाराशी बोललेलं कसं नाकारणार?

"मियाच घातलंय," तो म्हणाला. "आणि खुटेय मियाच सरकवलंय. सकाळच्या धा वाजता, अख्ख्या वाडीच्या फुड्यात. चोरी कसली ती? तुमच्या लोकांनी भरतीच्या टायमाक येवन पानी बघलानी, नकाशात पानी लिवलानी. पानयाखाली काय आसा तां कोणी बघूक नाय. आमचां प्वाट थंय आसा, सायबानू!"

"मग हरकत का नाही घेतलीत? नोटीस लागली होती."

"खंय लागली? तालुक्याच्या फळ्यार. सुनावणी कुडाळच्या फुडे, हापिसात. बायलांनी सुकती सोडून दोन यष्टये बदलून जावचां, तां काय खावन?" तो खुर्चीच्या कडेवरून उठून उभा राहिला. "माका आत टाका. टाका खुशाल. पण त्याच्या आदी त्या बायेक एकदा सुकतीच्या टायमाक घेवन येवा."

मी त्याचा जबाब जसाच्या तसा, मालवणीत लिहून घ्यायला लावला. खरं सांगतो, मला लाज वाटली. बाईंच्या माणसांनी जी चूक केली होती तीच मी केली होती. मीही भरतीला जाऊन पाणी पाहूनच परतलो होतो.

बागवाल्यांचे फोन वाढले. म्हातारा आरोपी ठरला की सुनावणीत वाडीचं म्हणणं आपोआप पोकळ होणार, हे त्यांनी नीट ओळखलं होतं. सुनावणीला चार दिवस उरले होते. मी अधिकारी बाईंना फोन लावला आणि तांडेलाचा निरोप शब्दशः सांगितला. त्यांनी तो पुरता ऐकून घेतला. मग विचारलं, "उद्या ओहोटी किती वाजता?"

त्या आल्या, आणि पाचव्या पावलाला गुडघाभर रुतल्या. तांडेलाची सून हसतच धावली. "अगो बाय, उबी रवा नको! पाय आडवो टाक, न् चल चल!" तिचा हात धरून त्या दोन तास चिखल फिरल्या, मोजमापं घेतली, बायकांना विचारत राहिल्या. काठावर आल्यावर नकाशा उघडून म्हणाल्या, "इथे आम्ही पाणी दाखवलंय. चूक आमची आहे." सरकारी माणसाच्या तोंडून हे वाक्य मी फार वेळा ऐकलेलं नाही.

मी अहवालात सगळं लिहिलं. खुंट कोणी हलवले तेही, का हलवले तेही. झाकलं काहीच नाही. फिर्याद पुढे न्यायची की नाही हे प्राधिकरणाच्या हातात होतं. त्यांनी ती नेली नाही. सुनावणी पुढे ढकलून वाडीतल्या देवळाच्या मांडवात घेतली, भरतीच्या वेळी, म्हणजे बायका मोकळ्या. बागवाल्यांनाही पूर्ण बोलू दिलं. हद्द तांडेलाने सरकवलेल्या खुंटांवरच कायम झाली. बागेत पर्यटकांसाठी राहण्याच्या खोल्यांना परवानगी मिळाली, भरावाला नाही. ही खाडी तीन ग्रामपंचायतींना लागते. एकीने अडवलं तर माणूस दुसरीकडून परवानगी आणायचा. सगळी खाडी एकत्र बघणारं कोणीतरी लागतं, हे मला त्या मांडवात पटलं. हाताने मुळे काढायला मुभा, यंत्राने नाही, आणि काही महिने एक भाग बंद, हा नियम बायकांनीच सुचवला. पुढे जिल्हाभर पाहणी भरतीला एकदा आणि सुकतीला एकदा, अशी रीतच पडली.

पक्के खांब बसवायच्या दिवशी बंदोबस्ताची गरज नव्हती. तरी मी गेलो. पहिल्या खड्ड्यात बाईंनी स्वतः विडा ठेवला आणि तांडेलाने हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा! आज सरकारान ह्यो खांब तुझ्या पायाकडे उबो केलो आसा, तो तू तुझो म्हणून सांबाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी.

"कोणाची वाकडी नजर पडली, तर ती सरळ कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज माझाही होता. गणवेशात, घाटावरचा माणूस. हवालदार तोंड फिरवून हसला.

नोकरीत मी पुष्कळ गुन्हे उघडकीस आणले. गुन्हेगार सापडला की काम संपलं असं मी मानायचो. त्या खाडीने शिकवलं की माणसाने काय केलं हे विचारण्याआधी तो कुठे उभा राहून बघतोय, तिथे एकदा जाऊन उभं राहावं. राखायची जागा राखणाऱ्याला विचारल्याशिवाय राखता येत नाही, हे विडा ठेवणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर एकदा वाडीवर गेलो. तांडेल अंगणात बसला होता. सुनेने मुळ्यांचं सुकं वाढलं. जेवता जेवता त्याने विचारलं, "सायब, माझो तो जबाब अजून फायलीत आसा?"

"असणार. काढून टाकायला हवा होता का?"

"नको, नको," म्हातारा म्हणाला. "ऱ्हवांदे. सरकारान माझां पयल्यांदाच लिवन घेतलान."