रेझिस्टरांची खंडेनवमी

आता माझी फजिती मीच सांगतो, म्हणजे बायकोकडून तिखटमीठ लावून ऐकायला नको.

रिटायर झालो आणि इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लागला. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याला जागा कुठली? सुनंदाचं, म्हणजे बायकोचं, शिलाईचं टेबल मागितलं. ती म्हणाली, "दसऱ्यापर्यंत एक दिवा लावून दाखवा. लागला तर टेबल तुमचं, नाहीतर उचला पसारा."

मी म्हटलं, दिवा काय, कारखाना काढतो.

एम.जी. रोडवरून सोल्डरिंग आयर्न, पक्कड, बॅटरी, एलईडीचे बारके दिवे आणि शंभर रेझिस्टर आणले. रेझिस्टर म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा तुकडा, अंगावर रंगीत पट्टे. कुठला किती ताकदीचा, हे पट्ट्यांच्या रंगावरून ओळखायचं. रंगांचा तक्ता मला तोंडपाठ, बरं का.

तेवढ्यात आली खंडेनवमी. हत्यारांची पूजा नको? सगळं पाटावर मांडलं.

"अहो, रेझिस्टरच्या पुडीला एक बोट लावा, बास," सुनंदा म्हणाली.

"बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" असं म्हणून मी एकेकाला ओलं हळदीकुंकू लावलं. दीड तास गेला, कंबर मोडली, पण एकही सुटला नाही.

दुपारी दिवा जोडायला बसलो. भिंग लावून पाहतो तर काय, शंभरच्या शंभर लाल-पिवळे! दुकानदारानं एकच माल गळ्यात मारला की हो. तुम्ही म्हणाल, एवढंही कळलं नाही? नाही कळलं. मला तक्ता पाठ होता ना.

मूठभर रेझिस्टर घेऊन तडक दुकान गाठलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला झाडला. त्यानं एक रेझिस्टर उचलला आणि ओल्या फडक्यानं पुसला. खालून जांभळा, तपकिरी असे खरे पट्टे निघाले.

फडकं माझ्यापुढे धरून म्हणाला, "काका, हा रंग कंपनीचा नाहीये. तुमच्या देवघरातला आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मान खाली घालून घरी आलो, तर टेबलावर एलईडी लख्ख पेटलेला. उरलेले रेझिस्टर पुसून, माझंच पुस्तक उघडून सुनंदानं सगळी जोडणी केली होती. मी डोकं धरून टेबलाशी खुर्चीत बसलो.

"पसारा उचलू का?" मी विचारलं.

"पसारा राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही तेवढे उठा."