रंग उडालेली मरियामाय

घर सांभाळणं म्हणजे किल्ली कमरेला लावून मिरवणं नव्हे, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. समुद्राकाठचं घर तर मुळीच नाही. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आमच्या वाडीला लागून, सुरूच्या झाडांपलीकडे, एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईचं कौलारू घर होतं. ओटीवर बसलं की समोर नुसती वाळू आणि पाणी. तिला मी मावशी म्हणायचे. नवरा कधीच वारलेला, मुलगी मुंबईत दिलेली, एकुलता एक मुलगा बोटीवर नोकरीला. मावशीला दमा होता, पावसातली खारी ओल सोसायची नाही. म्हणून मिरगाच्या आधी ती मुलीकडे जायची आणि दिवाळीला परतायची. तोवर घर माझ्या ताब्यात. पडतील ते नारळ माझे, एवढाच आमचा करार.

सोपं वाटतं ना? करून बघा म्हणावं. पाऊस लागण्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे, नाहीतर वाऱ्याबरोबर येणारं पाणी भिंत खाऊन टाकतं. दारं फुगतात, कड्यांना गंज चढतो. बंद घरात अधूनमधून चूल पेटवून धूर कौलांपर्यंत जाऊ द्यावा लागतो, तेव्हा कुठे वासे टिकतात. माझा नवरा म्हणायचा, "एवढं लक्ष आपल्या घरात घातलंस तर आपलं छप्पर गळायचं थांबेल." मी म्हणायचे, "ते तुमचं काम. चढा वर." मला हे काम येत होतं आणि येतं हे ठाऊकही होतं. उगाच खोटा विनय कशाला?

त्या वर्षी मात्र मावशीने जाताना आणखी एक काम सोपवलं. मुलाची बोट आफ्रिकेकडे गेली होती आणि कित्येक महिने त्याची काहीच खबर नव्हती. मावशीने मरियामायला नवस बोलला होता, की पोरगा उंबऱ्यात येईपर्यंत तिच्यापुढे रोज संध्याकाळी दिवा लागेल. आल्तार, म्हणजे त्यांचा देव्हारा, मधल्या खोलीत होता. त्यात हातभर उंचीची लाकडी मरियामाय, निळा झगा, गुलाबी चेहरा. मावशीच्या सासूच्या वेळची. नवस तिच्यापुढे बोललेला, तेव्हा दिवा तिथेच लागायला हवा. मेणबत्त्यांचा खोका माझ्या हातात देऊन मावशी म्हणाली, "बाय, कौलं उडाली तरी चालतील. पण एक संध्याकाळ चुकली तर माझं पोर गेलं म्हणून समज." मी म्हटलं, "निश्चिंत जा. माझ्या हातून नाही चुकायचं."

आषाढात उंदरांनी मेणबत्त्यांचा फडशा पाडला. मी भर पावसात आगाशीचा बाजार पालथा घातला. एक दुकानदार दात काढून म्हणाला, "नाताळात या." त्याला काय सुनवायचं ते सुनवलं आणि घरची पितळी समई उचलून मावशीकडे नेली. आमच्या घरात कुरकुर झाली, आपली समई त्यांच्या देवाला कशी काय म्हणून. मी म्हटलं, "पोर आईचं आहे. देव कुणाचा ते मग बघू." उधाणाच्या दिवसांत पाणी सुरूंमधून ओटीच्या पायरीला लागायचं. मी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, वाती पदरात गुंडाळून जायचे. एक संध्याकाळ म्हणून चुकली नाही.

पण पावसाळी वाती त्या. ओलसर, नुसत्या धुपायच्या. दसरा जवळ आला तोवर मरियामायचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं. मावशीला हे दाखवायचं? मला लाज वाटली. घरी मी आमच्या पितळी देवांना चिंच आणि राख लावून उजळत होतेच. तोच कोळ, तीच राख, तोच काथ्या घेऊन तिकडे गेले आणि मायचं तोंड घासलं. काजळी निघाली. तिच्या मागोमाग गाल निघाले, ओठ निघाले, डोळे निघाले. खाली कोरं लाकूड.

नवरा म्हणाला, "आगाशीच्या रंगाऱ्याला बोलावू. मावशीला कळायचंही नाही." मी म्हटलं, "बैलांची शिंगं रंगवणारा तो. मायला काय शिंगं काढून देईल का?" मावशीच्या रागाला मी भीत नव्हते. तिने याचा भलताच अर्थ लावला तर, पोराचं बरंवाईट झालं असं धरून बसली तर, ही भीती मला जेवू देईना. त्या संध्याकाळीही समई मात्र लावली.

दिवाळीला मावशी विरार स्टेशनवरून टांग्याने आली. मी फाटकातच तिला गाठलं. "मावशी, दिवा एक दिवस चुकला नाही. पण मायचा चेहरा माझ्या हातून गेला. घासायला गेले आणि रंगच निघून आला." ती आत गेली. मूर्तीपुढे उभी राहिली, कोऱ्या लाकडावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "असू दे. पोर येईपर्यंत हिला रंग लावायचा नाही." मला सहसा रडू येत नाही. त्या दिवशी आलं.

नाताळ तोंडावर आला आणि मुलगा आला. हाडांचा सापळा झालेला. परक्या बंदरात तापाने महिनोन्महिने पडून होता. मी केळी द्यायला गेले होते, दारातच होते. त्याने आल्तारकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, हिला काय झालं?" मी तोंड उघडणार, तोच मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी वाट बघून डोळे गेले तिचे. आता माझे जायला हवेत का?"

तो पुन्हा बोटीवर गेला नाही. पुढच्या मिरगाच्या आधी मी सवयीने झाप विणून घेऊन गेले, तर तो शिडीवर चढून पश्चिमेची भिंत झाकत होता. उलटे बांधलेले, ते मी त्याला सांगितलंच. मावशी मुंबईला निघाली होती. तिने माझ्या हातात किल्लीऐवजी माझी समई ठेवली. चिंच-राखेने घासून लखलखीत केलेली. "आता घरात पोर आहे, बाय," ती म्हणाली. वाईट वाटलं का? वाटलं की. कमरेला किल्ली नव्हती, हात तिथे जाऊन परत येत होता. समई पदराखाली घेऊन मी घरी आले आणि दिवेलागणीला आमच्या देवांपुढे लावली.